खुडूक कोंबडी गव्हाणीत बसली आहे. हलवू की राहू दे?

माजघर | ८ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. ठाण्याहून सासरच्या घरी (संगमेश्वर तालुका) येऊन तीन वर्षं झाली, कोंबड्या पाळायला लागून दोन. आजवर पिल्लं विकतच आणली, घरी अंडी कधी उबवली नाहीत. प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

आमची तांबडी रविवारपासून दिसेना. मुंगसाने नेली असं धरून मी रडूनही घेतलं. आज संध्याकाळी दूध काढायला गेले तर बाईसाहेब गव्हाणीच्या कोपऱ्यात पेंढ्याचा खड्डा करून बसलेल्या! हात पुढे केला तर अंग फुगवून असा आवाज काढला की मी साप समजून मागे सरले. खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. पोटाखाली चौदा अंडी. अकरा कोंबडीची, तीन बदकाची. म्हणजे आमची एक बदकीही गुपचूप तिथेच घालत होती.

गोठ्यात दोन गाई (कोकण कपिला) आणि एक वासरू. पलीकडच्या पडवीत तीन शेळ्या. पाच बदकं मोकळी असतात, त्यात दोन नर. एकूण नऊ कोंबड्या, एक कोंबडा. शिवाय कुत्रा आणि मांजर आहेतच. थोरली गाय तिच्या शेपटाजवळचा पेंढा ओढून खाते आणि ही ढिम्म हलत नाही.

हिला खुराड्यात हलवू का? बदकाची अंडी काढून टाकू का? आणि पिल्लं झालीच तर या सगळ्या गोतावळ्यात ती जगतील कशी?

---

भातखाचर | ८ जानेवारी, रात्री ९.४२

आईला वाचून दाखवलं. तिचं उत्तर जसंच्या तसं: "तिका सांग, रवणाक बसलली कोंबडी दिसाची हलवची नाय. काळोख पडांदे, मगे हलव."

दिवसा उचललीत तर ती पुन्हा जुन्या जागी जाते. रात्री कोंबडीला काही दिसत नाही. एक पसरट टोपली घ्या, तळाला दोन बोटं चुलीची राख, वर पेंढा, मध्ये किंचित खळगा आणि निगडीचा पाला. राख आणि निगडीमुळे उवा कमी होतात. आधी अंडी टोपलीत ठेवा, मग तिला दोन्ही पंखांखाली हात घालून उचला. पायात अंडं अडकलेलं असतं, ते बघा. नाहीतर उचलताना पडतं आणि फुटतं.

आम्ही मांगरात (शेतावरच्या खोपटात) ठेवतो, वर हारा (मोठी टोपली) उपडा घालतो.

---

यंत्रे | ८ जानेवारी, रात्री १०.०५

इतका उपद्व्याप करण्यापेक्षा इन्क्युबेटर घ्या ना. ३७.५ अंशावर लावा, अंडी आपोआप फिरतात, २१ दिवसांनी पिल्लं. ना चोच, ना उवा.

---

वऱ्हाडी_ठेचा | ८ जानेवारी, रात्री १०.११

अन् लाइट गेली तर? आमच्या अमरावतीकडं त इन्क्युबेटरच्या बाजूला एक माणूस बसवा लागते. मंग तो माणूसच खुडूक झाला न बाप्पा!

---

डॉ_गोठा | ९ जानेवारी, सकाळी ६.३०

सातारा जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. ताई, हलवाच, आणि ते फक्त कोंबडीसाठी नव्हे, गाईंसाठीही.

गव्हाणीत कोंबडीची विष्ठा आणि पिसं पडली की गाय वैरण टाकते. पण तेवढ्यावर भागत नाही. सडकं अंडं फुटलं किंवा एखादं पिल्लू पेंढ्याखाली मरून राहिलं, आणि गाईच्या तोंडात तो पेंढा गेला, तर बॉट्युलिझम होऊ शकतो. कुजणाऱ्या मेलेल्या पक्ष्यात तयार होणारं ते विष आहे. गाय मागच्या पायांतून लुळी पडते आणि मग फारसं काही करता येत नाही. शिवाय पिल्लं बाहेर आल्यावर पहिले दोन दिवस आईच्या आसपास घुटमळतात, आणि गाईचा खूर खाली बघून पडत नाही.

आता बदकाच्या अंड्यांबद्दल. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, साध्या बदकाचं २८ दिवसांत. दोन्ही एकाच दिवशी खाली गेली असतील तर २१ व्या-२२ व्या दिवशी तांबडी पिल्लं घेऊन उठेल आणि बदकाची अंडी तिथेच गार पडतील. मिसळायचीच असतात तेव्हा बदकाची सात दिवस आधी ठेवतात. ती वेळ गेली. पण म्हणून आज फेकू नका, आधी आत काय आहे ते बघू. आणि सगळ्या चौदांवर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन घालत राहतील, त्या नव्या अंड्यांवर खूण नसेल, ती रोज काढायची.

चौदा अंडी एका गावठी कोंबडीला जरा जास्तच आहेत. दहा-बारा तिच्या पंखाखाली नीट झाकली जातात.

---

शेणसडा | ९ जानेवारी, सकाळी ८.१५

माजघर, बाळ, टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेव. वीज कडाडली की अंडी आतल्या आत मरतात म्हणतात. आमच्या गडहिंग्लजकडं सगळे ठेवतात.

---

यंत्रे | ९ जानेवारी, सकाळी ८.२०

जानेवारीत वीज कुठून कडाडणार काकू?

---

शेणसडा | ९ जानेवारी, सकाळी ८.३१

खिळ्याला काय पैसे पडतात रे?

---

माजघर | १० जानेवारी, दुपारी १.५०

काल रात्रीचा प्रयोग फसला.

साडेआठला टोपली तयार केली. राख, पेंढा, निगडी, खिळा, कोळसा, सगळं. (हो काकू, ठेवला.) यांनी बॅटरी धरायची आणि मी उचलायचं असं ठरलं होतं. तिने यांच्या मनगटावर अशी चोच मारली की बॅटरी गाईच्या पाण्यात. अंधारातच कशीबशी खुराड्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली. पहाटे पाचला बघते तर टोपली रिकामी आणि तांबडी परत गव्हाणीत, रिकाम्या पेंढ्यावर, जणू काही झालंच नाही. अंडी थंडगार. किती वेळ उघडी होती देव जाणे.

परत उचलली, टोपलीत ठेवली आणि या वेळी वर हारा घालून त्यावर पोतं टाकलं. आता ती बसलेली दिसते आहे. अंडी गेली का हो?

---

डॉ_गोठा | १० जानेवारी, दुपारी २.२५

नाही, लगेच गेली असं समजू नका. कोंबडी स्वतःही रोज एकदा उठते. पंधरा-वीस मिनिटं खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि एकदाच भलीमोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. त्यामुळे गार पडण्याची अंड्यांना थोडी सवय असते. पहिल्या आठवड्यात काही तास थंड पडली तरी गर्भ बहुधा तगतो, फुटायला कदाचित दिवसभर उशीर होतो.

चूक एवढीच झाली की पहिल्या रात्री झाकली नाही. दोन दिवस काळोखात बंद ठेवा. दिवसातून एकदा स्वतः उचलून बाहेर सोडा, दाणा-पाणी समोर ठेवा आणि ती परत जाईपर्यंत उभ्या राहा. तिसऱ्या दिवसापासून ती जागा तिची झाली.

सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी रात्री, अंडी एकेक करून बॅटरीवर धरा. मोबाइलचा दिवाही चालतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. नुसता पिवळट उजेड आरपार आला तर रिकामं. आत रक्ताचं कडं दिसलं तर सुरू होऊन मेलेलं.

---

माड_पोफळ | १० जानेवारी, रात्री ८.००

आमचा गोवा. बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. नर बदक कोंबडीवरही चढतो, आणि त्याने कोंबडीला इजा होते. माझी एक चांगली घालणारी तलंग (तरुण कोंबडी) तशीच गेली. पाच बदकांत दोन नर म्हणजे तुमच्याकडे एक जास्त आहे. एक तरी विका किंवा कोंबड्यांपासून वेगळा ठेवा, निदान खुडूक कोंबडी दाणा खायला बाहेर येते तेवढ्या वेळी.

---

माजघर | १२ जानेवारी, रात्री १०.२०

शिरा दिसल्या!! मला शब्द सुचत नाहीत. एका अंड्यात तर काळा ठिपका हलला. मुलगी किंचाळली, तांबडी उठता उठता राहिली.

हिशोब असा: कोंबडीची ११, त्यात २ रिकामी, ९ जिवंत. बदकाची ३, त्यात १ रिकामं, २ जिवंत. म्हणजे बदकांचा प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. आता ती फेकवतही नाहीत.

---

भातखाचर | १२ जानेवारी, रात्री १०.३४

दुसरी खुडूक कोंबडी शोधा. एक बसली की दुसरीला लागण होतेच.

---

माणदेशी_काठी | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

आटपाडीकडचा हाय मी. मेंढरं आन शेरडं. सगळे कोंबडीचं बोलाय लागल्यात, शेळीचं कोणीच काढंना, म्हणून लिवतो.

गेल्या दिवाळीत पिल्लांसाठी मक्याचा भरडा आणून पोतं पडवीत ठेवलं. रातच्याला करडानं तोंड घातलं. सकाळी पोट टम्म, दात खातंय, पातळ हागतंय, उभं राहीना. सांजच्याला गेलं. चार म्हयन्याचं होतं, बोकड. पिल्लं जगली चौदाच्या चौदा, पर त्या पोरांच्या खाण्यापायी माझं शेरडू गेलं.

ताई, तुमच्या तीन शेळ्या हायत. पिल्लांचं खाद्य ठेवाल तिथं शेळीचं तोंड पोचतंच, हे धरून चाला. ती वर चढती, खाली वाकती, दोरी तोडती.

---

डॉ_गोठा | १३ जानेवारी, सकाळी ७.४०

काठी, वाईट वाटलं. याला आम्ही आम्लविषबाधा म्हणतो. धान्य एकदम जास्त गेलं की पोटात आंबतं, आम्ल होतं, जनावर आतून सुकतं. लवकर लक्षात आलं तर खाण्याचा सोडा पाण्यातून देतात आणि ताबडतोब डॉक्टर. पोट फुगलंय म्हणून तेल पाजत बसायचं नाही. धडपडणाऱ्या शेळीच्या छातीत तेल उतरलं तर नवीनच दुखणं.

तुमच्याकडे बिऱ्हाडाचं तट्टू असेल तर आणखी एक सांगतो. पिल्लांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीसाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन घातलेलं असतं कधीकधी. कोंबडीला ते चालतं. घोड्याला अगदी थोडंसंही जिवावर बेततं, हृदय निकामी होतं. पोत्यावरची चिठ्ठी वाचा आणि तट्टाच्या वाऱ्यालाही ते पोतं ठेवू नका.

---

माणदेशी_काठी | १३ जानेवारी, सकाळी ७.५२

तट्टू हाय. पोतं बी त्याच्याच खोपटात हाय. आत्ता हलवतो.

---

शेणसडा | १३ जानेवारी, दुपारी १२.१०

शेळीपासून खाद्य वाचवायची आमची रीत सांगते. बांबूचं डालगं उपडं घालायचं, खाली तीन बाजूंना विटेचा अर्धा-अर्धा तुकडा. पिल्लू खालून सुळकन आत जातं, मोठी कोंबडी बाहेर राहते, शेळीचं तोंड जात नाही. डालग्यावर जड दगड ठेव, नाहीतर शेळी शिंगाने उलथवते. आई बाहेरून ओरडत राहते, तिला वेगळा मूठभर दाणा टाकायचा.

पहिले आठ दिवस आम्ही बारीक कण्या आणि नाचणी देतो. आणि वाळवी! जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, वाळकं गवत, चिंध्या कोंबायच्या, पाणी शिंपडायचं आणि वारुळाशेजारी उपडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं पिल्लांसमोर झटकायचं. तसला आनंद तुझ्या त्या पिवळ्या पोत्यातल्या खाद्यात नाही.

---

डॉ_गोठा | १३ जानेवारी, दुपारी १२.४५

काकूंच्या वाळवीला माझं पूर्ण अनुमोदन, प्रथिनं तीच. नुसत्या कण्यांवर मात्र पिल्लं खुरटतात. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यात चुना फार असतो, पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. उलट चालतं. तांबडीनेही पिल्लांचंच खाल्लं तर बिघडत नाही, ती सध्या अंडी देतच नाहीये.

---

यंत्रे | १५ जानेवारी, रात्री ९.००

प्रामाणिक प्रश्न. माझ्या बारा ग्रामप्रिया आणि सहा कडकनाथ आहेत, दोन वर्षांत एकही खुडूक झाली नाही. म्हणून तर मशीन घेतलं. काही चुकतंय का?

---

डॉ_गोठा | १५ जानेवारी, रात्री ९.३०

चुकत काही नाही. सुधारित जातींमधून खुडूकपणा निवडून निवडून काढून टाकला आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. कडकनाथ जातीनेच बसण्यात कमी. चांगली बसणारी हवी तर गावठी किंवा असील पाळा. मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, पोटाखालचं पीस गळतं, कातडी अंड्याला थेट लागते आणि मग ती खिळते. तुमच्या मशीनच्या पिल्लांनाही तिच्या हवाली करता येतं. एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री तिच्या पोटाखाली सरकवली तर सकाळी ती आपलीच समजते. चार-पाच दिवसांची झाली की मात्र पिल्लं तिला आई मानत नाहीत आणि ती त्यांना टोचते.

---

वाचनमात्र | १६ जानेवारी, सकाळी ११.१५

पहिल्यांदाच लिहितोय. मला उलट हवं आहे. माझी कोंबडी दर महिन्याला खुडूक होते, कोंबडा नाही, त्यामुळे अंडी फुटणारच नाहीत. आजी म्हणते नाकात पीस खोव. करू का?

---

शेणसडा | १६ जानेवारी, सकाळी ११.४०

सासूबाई करायच्या. तिचंच पीस काढून नाकपुड्यांतून आडवं. कोंबडी दिवसभर ते काढायच्या नादात बसायचं विसरते. मला बघवायचं नाही, मी कधी केलं नाही.

---

डॉ_गोठा | १६ जानेवारी, दुपारी १.००

करू नका. पोट गार राहिलं की खुडूकपणा उतरतो. जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, पेंढा काही नाही, दाणा-पाणी भरपूर. तीन-चार दिवसांत उठते.

---

माड_पोफळ | १८ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

थोडं अवांतर, पण धागा पुढे कोणी शोधून वाचेल म्हणून. कोंबडीखाली टर्कीची अंडी उबवायचा मोह अनेकांना होतो, मलाही झाला. फुटली छान, २८ दिवसांत. पण कोंबड्यांच्याच अंगणात वाढवल्यावर दोन-अडीच महिन्यांची होऊन एकामागून एक गेली, गंधकासारखी पिवळी विष्ठा. कोंबड्यांच्या आतड्यातल्या बारीक जंतांबरोबर तो रोग पसरतो, कोंबड्यांना काही होत नाही, टर्कीचं यकृत जातं. टर्की पाळायची तर वेगळं अंगण हवं.

---

माजघर | २४ जानेवारी, रात्री ९.५५

लागण झाली! उघड्या मानेची काळी काल रात्रीपासून शेळ्यांच्या पडवीत एका फुटक्या घमेल्यात बसली आहे. खाली काहीच नाही, एक दगड आहे. आज रात्री बदकाची दोन अंडी तिच्या खाली सरकवली. दगड काढून घेतला, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अपराधी वाटलं.

शेळ्या तिथून हलवल्या. म्हणजे शेळ्या आता आमच्या मागच्या पडवीत, माझ्या वाळत घातलेल्या साड्यांजवळ. सासूबाईंचं म्हणणं, घरात कोंबडी सोडून सगळ्यांची गैरसोय होते आहे.

---

डॉ_गोठा | २४ जानेवारी, रात्री १०.१०

छान. आता तांबडीला तीन दिवस अजिबात हात लावू नका, अंडी तपासायचीही नाहीत. अंडं फोडायला लागलेल्या पिल्लाला मदत करायची खाज येईल. करू नका. टोचा मारल्यापासून बाहेर यायला चोवीस तासही लागतात. लवकर सोलून काढलं तर कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या फाटतात. फुटल्यावर एक-दोन दिवस खायला नसलं तरी चालतं, पोटात बलक असतो. बदकाच्या अंड्यांवर शेवटच्या दिवसांत रोज कोमट पाणी थोडंसं शिंपडा, त्यांना ओल जास्त लागते.

---

माजघर | २७ जानेवारी, सकाळी ६.५०

सव्वीस जानेवारीला शाळेतून मुलगी लाडू घेऊन आली आणि थेट खुराड्यापाशी गेली. "आई, टोपली बोलतेय!" खरंच. बंद अंड्यातून चिवचिव, आणि तांबडी हळू आवाजात उत्तर देत होती. असला आवाज ती कधी काढत नाही.

आज सकाळपर्यंत सात. चार तांबूस, दोन काळी, एक पट्ट्यापट्ट्याचं. एक टोचा मारून आतच मेलं, एकात काही हालचाल नाही. मी हात लावला नाही, डॉक्टर. हात पाठीमागे बांधून उभी राहिले म्हटलं तरी चालेल.

---

भातखाचर | २७ जानेवारी, सकाळी ७.०२

अभिनंदन! आई विचारते, राखणीचो कोंबो कितीसो धरलास?

---

माजघर | २७ जानेवारी, सकाळी ७.२०

एकही नाही :) अजून डोळे नीट उघडले नाहीत त्यांनी आणि देवाची मागणी आली!

---

माणदेशी_काठी | २७ जानेवारी, सकाळी ७.३०

मेलेली अंडी उकिरड्यात नीट पुरा, ताई. कुत्र्याला चव लागली की तो खुराड्याभोवतीच फिरतो.

---

माजघर | ३१ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

आज एक गेलं. पट्ट्यापट्ट्याचं. कावळ्याने.

पाचव्या दिवशी ऊन चांगलं होतं म्हणून तांबडीला पिल्लांसकट अंगणात सोडलं. मांजर येताच तिने पंख जमिनीला टेकवून असा हल्ला केला की मांजर माडाच्या बुंध्यावर चढलं. कुत्र्यालाही पळवलं. वासरू हुंगायला आलं, त्याच्या नाकावर चोच. मी म्हटलं, हिला कोणाची गरज नाही. आणि ती गाईच्या शेणातले किडे उकरण्यात गुंतली असताना वरून कावळा आला. एका झडपेत. तिने मान वर करेपर्यंत तो आंब्यावर होता. शेण उकरायला मीच तिला तिकडे नेलं होतं. गाईखालचे गोचीड ती खाते म्हणून कौतुकाने.

मुलगी जेवली नाही.

---

भातखाचर | ३१ जानेवारी, संध्याकाळी ७.४०

वाईट झालं. पहिले तीन आठवडे डोक्यावर काहीतरी हवंच. आम्ही मासेमारीचं जुनं जाळं मांडवासारखं बांधतो. खाली सुरणाची, अळवाची पानं असली तर पिल्लं पटकन लपतात. उघड्या अंगणात कोंबडीचं शौर्य जमिनीवरून येणाऱ्यापुरतंच.

आमच्या आंब्यावर कोतवाल घरटं करतो. ते दोन महिने कावळा-घार फिरकत नाहीत, कोतवाल त्यांच्या पाठीवर बसून हाकलतो. पण तो उन्हाळ्यात, तुमची पिल्लं तोवर मोठी होतील.

---

डॉ_गोठा | ३१ जानेवारी, रात्री ८.२०

रात्रीचंही बघून घ्या. कोंबडीची षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगूस बाहेर ठेवत नाही. साप-मुंगसासाठी अर्धा इंचाची वेल्डेड जाळी, आणि ती जमिनीत वीतभर पुरलेली. खुराड्याजवळ धान्य सांडलं की उंदीर, उंदरामागे धामण, हा क्रम चुकत नाही.

शिवाय उद्या-परवा लासोटा लस. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर अख्खं आवार एका आठवड्यात रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवसात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब.

---

माजघर | १ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

इथेच अडलंय. लसीची बाटली शंभर डोसांची. माझी पिल्लं सहा. विरघळवल्यावर दोन तासांत संपवायची. उरलेले चौऱ्याण्णव थेंब कोणाच्या डोळ्यात घालू?

---

शेणसडा | १ फेब्रुवारी, दुपारी ३.४५

वाडीच्या.

---

माजघर | २ फेब्रुवारी, रात्री ९.००

काकू, एका शब्दात काम झालं. काल संध्याकाळी मुलीला घरोघरी पाठवलं. आज सकाळी सात वाजता आमच्या अंगणात पाच घरच्या कोंबड्या, टोपल्यांत, पिशव्यांत, एक तर प्लास्टिकच्या बादलीत झाकण लावून. यांनी पहाटेच तालुक्याहून बर्फाच्या थर्मासमध्ये लस आणली होती. ६८ पक्ष्यांना थेंब पडला. बाटलीचे पैसे वाटून घेतले, प्रत्येकाला चहापेक्षा कमी. आठ आठवड्यांनी पुढची लस पंखाखाली टोचायची आहे, तिचीही तारीख भिंतीवर कोळशाने लिहिली.

आणि आजच काळीखाली एक बदकाचं पिल्लू! दुसरं अंडं आतच राहिलं. पण एक आलं. पिवळं धमक, चोच चपटी. काळीने त्याला तिन्ही बाजूंनी बघितलं आणि मग पोटाखाली घेतलं.

---

माड_पोफळ | २ फेब्रुवारी, रात्री ९.२५

खूप छान! त्याला इतक्यात पोहायला सोडू नका. बदकीखालचं पिल्लू आईच्या पिसातल्या तेलाने भिजत नाही, कोंबडीकडे ते तेल नाही. भिजलं की गारठतं. दोन-तीन आठवडे फक्त चोच आणि डोळे बुडतील एवढं उथळ भांडं, आत दगड. बदकाच्या पिल्लाला चोच धुवायला पाणी लागतंच, पण ते सांडून सगळं ओलं करतं, आणि ओल्यात कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण होते. पाण्याचं भांडं जाळीच्या चौकटीवर ठेवलं तर सांडलेलं खाली जातं.

---

डॉ_गोठा | २ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आणि खाद्यात थोडं यीस्ट घाला. बदकाच्या पिल्लाला नायसिन जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात.

---

माजघर | २३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०

हजर. काजू सुरू झाल्यामुळे लिहायला वेळ नव्हता.

आज बदकोबाने (मुलीचं बारसं) गुरांच्या पाण्याच्या टाकीत उडी मारली. मी तिथेच होते. तो मजेत गोल फिरतोय आणि काळी टाकीच्या कठड्यावर इकडून तिकडे धावत ओरडतेय, मानेवर पिसं नाहीतच, त्यामुळे ती आणखीच केविलवाणी दिसते. थोरली गाय पाणी पीत होती. तिने एकदा बदकोबाकडे, एकदा काळीकडे पाहिलं आणि फुर्र करून शिंकली. बदकोबा त्या लाटेवर तरंगत कडेला आला. काळीने त्याला हाकलत हाकलत पडवीत नेलं आणि जबरदस्तीने पोटाखाली घातलं. तो तिच्यापेक्षा जरासाच लहान आहे आता. अर्धा बाहेरच राहतो.

एक नर बदक शेजारवाडीत दिला. शेळ्या परत पडवीत. काकूंचं डालगं चालतं, फक्त धाकटी शेळी त्यावर उभी राहून पारिजातक खाते.

---

यंत्रे | २३ फेब्रुवारी, रात्री ८.४०

एक गावठी खुडूक कोंबडी कुठे विकत मिळेल? पुण्याजवळ. विनोद नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | २३ फेब्रुवारी, रात्री ८.४३

आलं भाऊ लाइनवर!

---

माजघर | २० मार्च, सकाळी ७.३०

शिमग्याला मुंबईचे पाहुणे आले होते. सहापैकी चार नर निघाले. त्यांतले दोन कोण, हे सासऱ्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. मी त्या दिवशी काजूवर होते, मुद्दाम. भातखाचर, आईंना सांगा, राखणीचा ठेवलाय. एक दिला नाही, एक देवाचा, बाकीचं विचारू नका.

तांबडी मंगळवारी रात्री एकटीच उडून वरच्या दांडीवर जाऊन बसली. पिल्लं खाली टोपलीत रात्रभर ओरडत होती. काल एका तलंगीने तिच्या जवळ जायचा प्रयत्न केला तर तिने तिला चोचीने ढकललं. तुम्ही सगळे सांगाल की हे असंच असतं. ठीक आहे.

आज दूध काढायला गेले तर गव्हाणीत, त्याच कोपऱ्यात, एक तांबूस अंडं. अजून गरम होतं.

---

शेणसडा | २० मार्च, सकाळी ७.४१

त्यावर पेन्सिलीने तारीख घाल. आणि टोपली धुऊन उन्हात ठेव.